पीकपाहणीचा पडदा कोणाच्या सोयीचा?

आमच्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांविषयी कचेऱ्यांतून एक आरोप अलीकडे वारंवार ऐकू येतो. तो असा की, सरकारने पिकाची नोंद करण्याचा अधिकार खुद्द शेतकऱ्याच्या हाती दिला असता शेतकरी आळस करतो, नोंद करीत नाही, केली तर चुकीची करतो, आणि अनुदान वाटपाची वेळ आली म्हणजे मात्र चावडीवर येऊन गाऱ्हाणे मांडतो. आम्ही आमच्या नोकरीची सारी वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात, नमुने भरण्यात व भरवून घेण्यात घालविली असल्याने हा आरोप आम्हांस नवीन नाही. पूर्वी अर्ज चुकला म्हणजे ‘लोक अडाणी’ असे म्हणत. आता मोबाइलवरील नोंद चुकली म्हणजे तेच म्हणतात. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. ज्या नमुन्यात दहा शहाण्या माणसांस एकाच रकान्यापाशी ठेच लागते, तेथे दगड रकान्यातच आहे असे समजावे.

प्रश्न क्षुल्लक नाही. सातबाऱ्यावर जे पीक दिसते त्यावर पीककर्ज, पीकविमा, अवकाळी पाऊस व गारपीट यांची भरपाई आणि हमीभावाची खरेदी ही सर्व अवलंबून असतात. २०२३ सालची कांद्याची गोष्ट आमच्या वाचकांस स्मरत असेलच. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या मुदतीत विकलेल्या कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये, दर शेतकऱ्यास २०० क्विंटलांच्या मर्यादेपर्यंत, असे अनुदान राज्य सरकारने जाहीर केले. विक्रीची पावती खिशात, कांदा बाजारात जाऊन चुकलेला. परंतु सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून पुष्कळांचे अर्ज अडले. अखेर तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांजकडून खातरजमा करून घेण्याची वाट काढावी लागली. मर्यादेइतका माल विकणाऱ्याच्या बाबतीत हा सत्तर हजार रुपयांचा प्रश्न होता, आणि तो एका न उमटलेल्या नोंदीवर अडला होता.

ज्यांच्या घरी मोबाइलचे काम मुलेच पाहतात अशा वडीलधाऱ्यांसाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. पूर्वी गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंदवही, तलाठी भरीत असत; त्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ या नावाने हे काम राज्यभर मोबाइलवर आले. शेतकऱ्याने आपल्या गटात उभे राहून पीक, क्षेत्र, पाण्याचे साधन व लागवडीची तारीख भरावयाची आणि पिकाचे छायाचित्र काढून धाडावयाचे, अशी ही योजना होय. योजना मुळात चांगली आहे हे आम्ही निःसंकोच सांगतो. चावडीत बसल्या जागी मागील वर्षाचीच पिके पुढे ओढण्याचा प्रघात कोठे कोठे होता, हे दप्तरात वावरलेल्या कोणासही ठाऊक आहे. उसाचे रान मोडून द्राक्षाचा मांडव उभा राहिला तरी कागदावर ऊसच डोलत असे. ती खोड मोडावयाची तर पिकाच्या मालकानेच साक्ष द्यावी हे युक्त आहे. आमचा वाद हेतूशी नाही; मांडणीशी आहे.

यंत्र, नमुना अथवा पडदा माणसासमोर ज्या रूपाने उभा राहतो त्या रूपाचे एक स्वतंत्र शास्त्र आता झाले आहे. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन पंडिताने १९८८ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दार ढकलावे की ओढावे हे दाराकडे पाहताच कळले पाहिजे. त्यावर पाटी लावावी लागली तर चूक सुताराची, येणाऱ्याची नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. पुढे १९९४ साली जेकब निल्सन यांनी पडद्यांच्या मांडणीविषयी दहा कलमे घालून दिली. आम्हांस त्यांत विशेष नवल वाटले नाही, कारण विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर तीच गोष्ट सांगतो. हिरवी कळ दाबली की चालू, तांबडी दाबली की बंद. ओतूरला जा की मंचरला, कंपनी कोणतीही असो, गडी अंधारातही चुकत नाही. आणि आमच्या नाणेघाटातील दगडी रांजण? तो जकातीचा म्हणून परंपरेने सांगतात. तसे असेल तर त्याहून सोपा नमुना कोणत्याही कचेरीने आजवर काढलेला नाही.

आता पीकपाहणीच्या पडद्याकडे वळू. पहिली अडचण शब्दांची आहे. पिकाचा वर्ग विचारताना ‘निर्भेळ पीक’ हा शब्द पुढे येतो. हा शब्द आमच्या दप्तरातील आहे. गाव नमुना १२ च्या डोक्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या छापलेला आहे. परंतु शेतकऱ्याच्या तोंडी तो नाही. निर्भेळ म्हटले की त्यास दूध आठवते. ‘एकच पीक’ व ‘मिसळीची पिके’ असे म्हटले असते तर काय बिघडले असते? ‘जलसिंचनाचे साधन’ म्हणजे विहीर, बोअर, कालवा की नदीवरील उपसा, हे विचारण्यास इतका लांब शब्द कशास हवा? कचेरीतील माणसास कचेरीतील भाषा सोपी वाटते, हा सवयीचा परिणाम होय. दप्तर जोवर आमच्या कपाटात होते तोवर आमची भाषा चालून गेली. दप्तर बांधावर गेल्यावर भाषाही बांधावरची झाली पाहिजे.

दुसरी अडचण हंगामाची. खरीप, रब्बी व उन्हाळी या चौकटी ज्वारी-बाजरीस ठीक आहेत. परंतु आमच्याकडील रांगडा कांदा भाद्रपद-आश्विनात लावला जातो व पौष-माघात निघतो. तो खरिपाचा म्हणावा की रब्बीचा? शेतकरी विचारात पडतो, शेजाऱ्यास विचारतो, शेजारी निराळे सांगतो, आणि मुदत निघून जाते. २०२३ साली ज्या दोन महिन्यांच्या विक्रीस अनुदान होते त्यात मुख्यतः असाच कांदा बाजारात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या एका प्रश्नाची किंमत कळते. वास्तविक पीक व लागवडीची तारीख सांगितल्यावर हंगाम कोणता हे यंत्रानेच ठरवावे. जे विचारल्याविना कळते ते विचारू नये, हा नियम चांगल्या कारकुनासही लागू आहे व चांगल्या पडद्यासही.

तिसरी अडचण मोजमापाची, आणि येथे आम्ही थोडे अधिक थांबतो. आमचा शेतकरी एकर-गुंठ्यांत विचार करतो, सातबारा हेक्टर-आरांत बोलतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर. हिशेब केला तर १ गुंठा हा १.०१ आराबरोबर भरतो, म्हणजे दोन्ही जवळपास एकच. मग घोटाळा कोठे होतो? तो वरच्या पायरीवर होतो. ४० गुंठ्यांचा एकर, पण १०० आरांचा हेक्टर. वीस गुंठे टोमॅटो लावणाऱ्याने ०.२० लिहावयाचे असते. तो अर्धा एकर म्हणून ०.५० लिहितो, किंवा टिंब सरकून ०.०२ होते. पडद्याने फक्त एवढे करावे की, आकडा भरताच त्याखाली ‘म्हणजे सुमारे २० गुंठे’ असे दाखवावे. माणूस आपली चूक आपणच ओळखील. त्यास हिशेब शिकविण्याची गरज नाही. त्याने लिहिले ते त्याच्या भाषेत त्यास परत ऐकविले म्हणजे पुरे.

ही गोष्ट आमच्या जिल्ह्यास नवी नसावी. इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२७ नंतरच्या काही वर्षांत, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींची पाहणी केली. निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा बसवावा, अशी ती विद्वत्तेची रीत होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न व खर्च मोजण्याचा तो हिशेब इतका गुंतागुंतीचा होता की, ज्या कनिष्ठ नोकरांनी तो भरावयाचा त्यांस तो झेपेना व शेतकऱ्यास तो समजेना. आकडे खोटे पडले, सारा डोईजड झाला, गावे ओस पडू लागली, आणि ती सारी रीत सोडून द्यावी लागली. पुढे १८३५-३६ च्या सुमारास याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने आरंभ केला. त्यांच्या पद्धतीत मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा, व त्या भागांस नाव आणे. जमिनीची प्रतही आण्यांतच. सोळा आण्यांचा रुपया ज्याच्या बोटांवर होता त्या प्रत्येक कुळकर्ण्यास, पाटलास व कुळास ती रीत ऐकताच कळली. ती टिकली, आणि पुढे इलाखाभर पसरली. प्रिंगल बुद्धीने कमी होता असे नव्हे. परंतु त्याची रीत ज्यांच्या हाती जावयाची त्यांच्या बोटांवर काय आहे हे त्याने पाहिले नाही.

सरकारास हे साधत नाही असेही नाही. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तो बदल आम्ही या पानावर मुद्दाम वाखाणतो. जुन्या सातबाऱ्यात कमी झालेली नोंद, म्हणजे मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेला बोजा, कंसात घालून दाखवीत. कंसातील नाव म्हणजे आता हक्क नसलेले नाव, हे आम्हां कारकुनांस ठाऊक; परंतु साध्या वाचणाऱ्यास ते कसे उमजावे? कंस पाहून एखादा उलट समजे की या माणसाचा काही विशेष हक्क आहे. नव्या नमुन्यात अशा नोंदीवरून सरळ आडवी रेघ मारलेली असते. खोडलेले ते खोडलेले, हे पोरासही कळते. खाते क्रमांक पूर्वी ‘इतर हक्क’ या रकान्यात पडलेला असे, तो आता खातेदाराच्या नावासमोर आला. लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा वेगवेगळे दाखवून एकूण बेरीज दिली. क्षेत्राचे एकक स्पष्ट लिहिले. शेवटचा फेरफार कोणता व कोणत्या तारखेचा, आणि एखादा फेरफार अद्याप प्रलंबित आहे काय, हे निराळे दिसू लागले. जमीन विकत घेणाऱ्याचे केवढे नुकसान या शेवटच्या एका ओळीने टळले असेल! येथे कायदा बदलला नाही, हक्क बदलला नाही. केवळ जे ज्यास पाहावयाचे ते त्यास दिसेल अशा जागी ठेवले.

अशी समज कागदावर आली ती मोबाइलच्या पडद्यावर पूर्णपणे आलेली नाही. आंबेगावच्या पश्चिमेस आहुपे-तिरपाडकडील, किंवा जुन्नरच्या घाटघर-हातवीजकडील भातखाचरांत मोबाइलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. तेव्हा माहिती फोनमध्येच साठवून मागाहून रेंजमध्ये आल्यावर वर चढविण्याची सोय ठेविली आहे, ती योग्यच आहे. परंतु ‘साठविली’ आणि ‘पोचली’ या दोन शब्दांतील अंतर कोण समजावून देणार? चिखलाने माखलेल्या बोटाने, पावसाच्या सरीत, छायाचित्र काढून झाल्यावर ‘माहिती साठविली’ असे वाचले म्हणजे माणूस आपले काम झाले असे मानून फोन खिशात घालतो. टपालात टाकलेले पत्र आणि खिशात राहिलेले पत्र, दोन्ही लिहून झालेलीच असतात. म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘अजून पोचली नाही’ असे तांबड्या रंगात राहावे, व पोचल्यावरच ते हिरवे व्हावे. शिवाय रजिस्टर टपालाची जशी पोच येत असे तशी क्रमांकासह पोच शेतकऱ्याच्या हाती राहावी. पोच नसलेल्या अर्जाचे काय होते, हे आम्ही खात्यात राहून सांगणे बरे दिसत नाही.

चूक दुरुस्त करण्याचेही तसेच. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत ती बदलण्याची मुभा आली. मुभा आली हे चांगले. परंतु ४८ तास हा कचेरीचा काळ आहे, पिकाचा नव्हे. पावसाने दडी मारली की दुबार पेरणी होते. टोमॅटोवर रोग पडला की शेतकरी तो उपटून कोबी लावतो. या गोष्टी दोन दिवसांत घडत नाहीत. मुदत हंगामाच्या अखेरीपर्यंत असावी, जुनी व नवी दोन्ही नोंदी तारखेसह राहाव्यात, म्हणजे लबाडीसही वाव राहणार नाही. दप्तरात आम्ही चुकलेला आकडा कधी खरवडून काढीत नसू. आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा व शेजारी सही. तीच रीत येथे चालेल.

उसाविषयी लिहिणे भाग आहे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचे वास्तव्य आहे, माद्या तेथेच वितात, आणि माणसे दगावली आहेत. नोंद गटाच्या हद्दीत उभे राहूनच झाली पाहिजे हा दंडक लबाडी रोखण्यास चांगला. परंतु उपग्रहाने दाखविलेली जागा थोडी इकडेतिकडे झाली की पडदा ‘आपण गटापासून दूर आहात’ म्हणतो, आणि बाई किंवा म्हातारा पुरुषभर उंच उसाच्या सरीत चार पावले आत शिरतो. ज्याने हा दंडक घातला त्याने नारायणगाव-पिंपळवंडीच्या उसाच्या कडेला संध्याकाळी एकदा उभे राहून पाहावे. उंच पिकास बांधावरून काढलेले छायाचित्र ग्राह्य धरावे, एवढी साधी तोड आहे. हे सोयीचे नव्हे, जिवाचे काम आहे.

चिन्हे व रंग वापरले म्हणजे सर्व सुटले, असे कोणी समजू नये. औषधाच्या डब्यावरील चौकोन आमच्या वाचकांनी पाहिला असेल. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे त्यावर तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. तांबडा सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. निरक्षर गड्यासही कळावे हा हेतू. परंतु हिरवा पाहून ‘हे निर्धोक’ असे मानणारे आम्ही पुष्कळ पाहिले, कारण इतरत्र हिरव्याचा अर्थ खुशाल पुढे जा असाच असतो. हिरवे औषधही विषच आहे. म्हणजे चिन्हाचा अर्थ काढणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे, हे शोधल्याविना चिन्हही फसविते.

आणि दुसऱ्या बाजूनेही एक इशारा देणे आमच्या जुन्या धंद्यास धरून होईल. मुंबईपुण्याच्या तरुण मंडळींस रकाने कमी करण्याची हौस असते. ‘इतके प्रश्न कशाला?’ असे म्हणून ते कात्री लावतात. त्यांनी सांभाळून कात्री लावावी. सातबाऱ्यावरील बहुतेक रकान्यामागे कोणाचा तरी तंटा, कोणाचा तरी हक्क आहे. सामाईक विहिरीतील पाण्याच्या पाळीचा उल्लेख, बांधावरील हिरड्याची झाडे, पोटखराबा, कुळाचा शेरा, यांतील एक ओळ गाळली तर पडदा सुबक दिसेल आणि भाऊबंदकी कोर्टात जाईल. सोपे करणे म्हणजे गाळणे नव्हे. नेहमीचे समोर असावे, क्वचित लागणारे एका पायरीमागे असावे, पण असावे. मोडीचे उदाहरण आहेच: बाळबोध लिपी सर्वांस सोपी म्हणून मोडी गेली, ती रास्तच गेली, परंतु २०२३ साली जुन्या कुणबी नोंदी शोधण्याची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारा माणूस शोधत सरकारास फिरावे लागले.

आमची मागणी मोठी नाही. दरवर्षी ही योजना नव्या रूपात येते. बटणांच्या जागा बदलतात, गेल्या वर्षी शिकलेले यंदा निरुपयोगी होते. गावोगावी सहायक नेमून त्यांच्याकरवी राहिलेली पाहणी करून घेण्याची तजवीजही मागाहून झाली, ती गरजवंतास उपयोगी आहे. परंतु सहायक लागतो हीच पडदा अवघड असल्याची कबुली होय. नवे रूप राज्यभर सोडण्यापूर्वी ते घोडेगावच्या पश्चिमेकडील भातवाल्यांस, बेल्ह्याकडील जिरायतदारांस व नारायणगावच्या बागायतदारांस, प्रत्येकी पाच-दहा जणांस, त्यांच्याच शेतात, त्यांच्याच जुन्या फोनवर, भर दुपारच्या उन्हात भरावयास द्यावे. अधिकाऱ्याने शेजारी उभे राहावे व तोंडातून अवाक्षर काढू नये. बोट कोठे थांबते तेवढे टिपून घ्यावे. यास खर्च एका दिवसाच्या भत्त्याचा आहे.

दरम्यान आमच्या वाचकांनी पुढील हंगामात नोंद पुरी झाल्यावर पडद्याचे चित्र तारखेसह जपून ठेवावे, आणि काही दिवसांनी पंधरा रुपये खर्चून सातबारा काढून नमुना १२ मध्ये पीक व क्षेत्र उतरले की नाही हे पाहावे. सामाईक खाते असेल तर कोणत्या भावाने कोणते क्षेत्र भरावयाचे हे आधी आपसांत ठरवावे, नाहीतर एकाच वाफ्यावर दोन पिके चढतात. ज्यांचे बोट अडेल त्यांनी कोणत्या शब्दापाशी अडले तो शब्द जसाच्या तसा, गाव व पीक यांसह, एका पोस्टकार्डावर लिहून संस्थेच्या कचेरीत द्यावा. अशी कार्डे गोळा करून ती रब्बीच्या पाहणीपूर्वी दोन्ही तहसीलदारांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.